राणीच्या पाटाचे पाणी

एका राज्यात राजाचे पाय दगडाचे होऊ लागले आणि त्या शापाचे मूळ शोधण्यासाठी राजकन्या घराबाहेर पडली, तेव्हा तिच्याबरोबर साक्षीदार म्हणून मी गेले होते. मी तिची शिक्षिका. मुळाक्षरे तिच्याकडून मी गिरवून घेतली होती, आणि निवृत्त झाल्यावरही तिचे उच्चार मी तपासत असे. शोध तिने घेतला. मी पाहिले, ऐकले आणि दरबारात जसेच्या तसे सांगितले. माझा भाग एवढाच. तो लहान आहे असे मला वाटत नाही.

राजाचे नाव पृथुसेन, राजकन्येचे शाल्मली. राज्यात एकच नदी होती, शुभ्रा. ती मौनगिरी नावाच्या डोंगरातून उतरे आणि राजधानीपाशी येऊन कमलोदर सरोवरात विसावे. सरोवराला काळ्या दगडाचा घाट होता. शुभ्रेच्या पाण्यावर राज्य जगे, आणि ते पाणी वाटून घेण्याची रीत अशी होती: मूल जन्मले की बारशाच्या दिवशी त्याचा बाप नदीकाठी जाई आणि मुलाच्या नावाने एक वीतभर रुंदीचा पाट काढून तो आपल्या शेताकडे नेई. मुलगा असो वा मुलगी, रुंदी एकच. पाटाच्या तोंडाशी त्या मुलाचे नाव कोरलेला दगड उभा करीत. तो त्याचा जन्मभराचा वाटा; मुलगी सासरी गेली की तिचा पाटही तिकडे वळवीत. माणूस गेला की तोच दगड उचलून पाटाच्या तोंडात आडवा ठेवीत, आणि त्याचे पाणी नदीला परत मिळे.

एका उन्हाळ्यात सरोवर घाटाची एक पायरी उतरले. पावसाळ्यात ते पुन्हा चढायला हवे होते, चढले नाही. पुढील वर्षी आणखी एक पायरी उघडी पडली, आणि त्याच सकाळी पलंगावरून उतरताना राजाला पायांखाली जमीन लागेना. सेवकांनी पाहिले, तो दोन्ही पावले दगडाची झालेली. दगड काळा होता, घाटाचाच. राजवैद्याने पावलांची नाडी पाहिली आणि दगडाला नाडी नसते असे आदरपूर्वक सांगितले.

त्यानंतर सरोवर जसजसे उतरे, तसतशी शिळा राजाच्या अंगात चढे. ती गुडघ्यांपर्यंत पोहोचली तेव्हा दरबार भरला.

प्रधान बुधसेन म्हणाले, "महाराज, सरोवरातील बेटावर मांत्रिक धूम्रकेश राहतो. पाणी तोच पितो आणि शापही त्याचाच आहे. सैन्य पाठवावे."

शाल्मली म्हणाली, "आधी त्याला विचारावे."

"शत्रूला कोणी विचारते काय, राजकन्ये?"

"तो शत्रू आहे की नाही, हे विचारल्यावाचून कसे कळणार?"

राजाने थोडा विचार केला. "विचारून ये," तो म्हणाला. "बाईंना बरोबर ने. तू ऐकशील ते तुला हवे तसे ऐकशील. बाई आहे तसे ऐकतील."

पूर्वी त्या बेटावर नावेने जावे लागे. त्या वर्षी आम्ही चालत गेलो. सरोवराचा तळ भेगाळलेला होता आणि मधूनमधून चिखल होता. अर्ध्या वाटेवर पायांपाशी कोणीतरी कर्कश ओरडले.

"पाय सांभाळा. तिकडे अंडी आहेत."

ती टिटवी होती. आमच्या राज्यातील पक्षी बोलत. टिटवी जरा जास्तच बोले.

"कोठे आहेत अंडी?" शाल्मलीने विचारले.

"दिसत नाहीत म्हणूनच सांगते आहे. दिसली असती तर घसा कशाला कोरडा केला असता?" टिटवी म्हणाली. "माझ्या आजीने घाटाच्या वरच्या अंगाला अंडी घातली. आईने घाटाखाली घातली. मी येथे घातली आहेत. पिले अंड्यातून निघाली की पाण्यापर्यंत चालत जातात. पाणीच पुढे चालत गेले, तर त्यांनी कोठवर चालावे? तुम्ही कोठे निघालात?"

शाल्मलीने सांगितले. टिटवीने मान वाकडी केली. "मीही येते. उत्तर मलाही हवे आहे."

"आणि अंडी?"

"नवरा बसेल. तेवढे त्याला जमते."

धूम्रकेश आपल्या पालथ्या नावेवर बसून पायांचा चिखल काडीने काढीत होता. तो अतिशय वृद्ध होता आणि त्याच्या केसांतून धूर निघत होता.

"मांत्रिका," शाल्मली म्हणाली, "आमच्या सरोवराचे पाणी तू प्यालास काय?"

"मी प्यालो असतो, तर माझ्याच दारात चिखल ठेवला असता काय?" तो म्हणाला. "नाव चालत होती तोवर येथे कोणी येत नसे. आता कोणीही येतो."

"मग माझ्या वडिलांना शाप का दिलास?"

"शाप माझा नाही. शब्द तुझ्या पूर्वजाचा आहे. मी त्याला हे सरोवर बांधून दिले, तेव्हा तो वरच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, 'हे सरोवर मी या पायरीपर्यंत भरलेले राखीन. न राखले, तर जितके ते उतरेल तितकी शिळा माझ्या वंशातील राजाच्या अंगात चढो.' मी म्हणालो, इतके मोठे बोलू नकोस. राजे ऐकत नाहीत. शिळा काळजाला भिडली की तुझा बाप जाईल, आणि मला ते थांबवता येणार नाही."

शाल्मलीने विचारले, "पाणी कोणी नेले?"

धूम्रकेशाने प्रथमच तिच्याकडे नीट पाहिले. "तिघांनी. एक दूरचा आहे, एक फिरता आहे, एक घरचा आहे." त्याने नावेखालून कडू भोपळ्याचा रिकामा तुंबा काढला. "तिघांपर्यंत पोहोच, आणि पाणी कसे गेले ते या तुंब्यात बोल. बोलणे खरे असेल तर तुंब्यात पाणी येईल. खोटे असेल तर धूळ येईल. तुंबा भरला की पुढे काय करायचे, ते तुला मला विचारावे लागणार नाही."

आम्ही दूरच्यापासून आरंभ केला. नदीच्या काठाकाठाने मौनगिरीकडे निघालो. वाटेत दोन्ही अंगांना पाट लागत होते, इतके की पायाखालची जमीन कंगव्याने विंचरल्यासारखी दिसत होती. आम्ही ते ओलांडत गेलो. जन्मापासून जे ओलांडत आलो, त्याकडे कोण पाहतो?

डोंगराच्या पायथ्याशी शुभ्रेला दोन ओढे मिळत, असे मी शाल्मलीला भूगोलात शिकवले होते. तेथे एकच ओढा होता. दुसऱ्याच्या जागी कोरडे गोटे होते, आणि वर डोंगराची अख्खी बाजू ढासळून खाली आलेली होती.

"मौनगिरी," शाल्मलीने हाक मारली, "हे काय झाले?"

डोंगराने उत्तर द्यायला अख्खी दुपार घेतली. त्याचा आवाज पायांतून ऐकू येत होता.

"मी झोपेत कूस बदलली."

"पुन्हा बदलाल काय?"

"बदलेन."

"केव्हा?"

"तुझ्या पणतीच्या पणतीला विचारायला पाठव."

आम्ही दरड चढून पलीकडे पाहिले. हरवलेला ओढा तेथे होता. तो दुसऱ्या राज्याच्या दरीत उतरत होता, आणि त्याच्या काठी नव्या झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. ओसाड माळावर भाताची खाचरे हिरवी झाली होती. एक बाई कळशी भरून डोक्यावर घेत होती. पाणी फार दिवसांपासून आपलेच आहे, अशा सहजतेने ती ते घेत होती.

शाल्मलीच्या कपाळाला आठी पडली. तिने तुंबा तोंडाशी धरला. "डोंगराने आमचे पाणी चोरले."

तुंब्यातून धूळ उडाली. तिला ठसका लागला.

"चोराने लपवले असते," टिटवी म्हणाली. "हा तर उघड्यावर मांडून बसला आहे."

शाल्मली पुन्हा त्या दरीकडे पाहत बसली. मी काही सुचवले नाही. उत्तर सुचवणे हे शिक्षिकेचे काम नव्हे. शेवटी ती तुंब्यात हळूच म्हणाली, "डोंगर वळला, आणि पाणी उताराने गेले. कोणाचाही दोष नाही."

तुंब्यात घोटभर पाणी आले.

परत येताना खिंडीत वारा भेटला. तो एका खडकावर बसून शीळ घालीत होता. त्याचे अंगरखे ओले होते, आणि त्या ओलाव्याला कमलोदराच्या कमळांचा वास येत होता.

"पाणी तुम्ही नेता?" शाल्मलीने विचारले.

"नेतो. नेहमीच नेत आलो. मी आणि ऊन, दोघे मिळून."

मला वाटले, आता ती तुंबा उचलणार. तिने उचलला नाही. "पूर्वी नेत होता तितकेच नेता काय?" तिने विचारले.

वारा हसला. "हे कोणी विचारले नव्हते. नाही, अधिक नेतो. घाटाच्या पलीकडे करंजांची राई होती ना? तिच्यात शिरलो की माझे पाय गुंतत. सरोवरापर्यंत पोहोचेस्तोवर मी दमलेला असे; दोन घोट घेई आणि पुढे जाई. आता वाट मोकळी आहे. कोणी अडवत नाही, मग मी बसतो, आणि बसलो की पितो. पाहुण्याच्या पुढ्यातले भांडे पाहुण्याने का सोडावे?"

"राई कोणी तोडली?"

"साक्षीदार तुझ्याजवळच उभी आहे. तिला विचार."

तिने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले: "राजवाड्याच्या सज्जातून सरोवर दिसत नाही, अशी प्रधानांची तक्रार होती. त्यांच्या आज्ञेने राई तोडली. आता सरोवर दिसते."

"दिसते तोवर दिसते," टिटवी म्हणाली.

शाल्मलीने तुंब्यात तसेच सांगितले: राई होती, वारा थांबे; राई गेली, वारा बसला. तुंबा अर्ध्याहून थोडा अधिक भरला.

उरला तो घरचा. तो सर्वांत सोपा असेल, अशी आमची समजूत होती. कोळ्यांच्या वस्तीत गेलो, घाटावरच्या परटांकडे गेलो, उसाच्या मळ्यांवर गेलो. शाल्मली प्रत्येकाचे नाव तुंब्यात बोले आणि प्रत्येक वेळी धूळ खाई. मळेवाल्यांचा प्रमुख म्हणाला, "ताईसाहेब, माझा पाट आणि माझ्या बायकोचा पाट, दोन. वीतभराहून रुंद निघाला तर माझ्या पायांचा दगड करा." आम्ही मोजला. वीतभरच होता.

इतक्यात राजवाड्यातून निरोप आला. शिळा कमरेच्या वर गेली होती. राजाला बसता येत नव्हते. तो उभ्यानेच कारभार पाहत होता आणि सारखे एकच विचारीत होता, मुलगी परतली काय.

शाल्मली निरोप ऐकून एका पाटाच्या काठी बसली. तो पाट एका पडीक शेतात शिरत होता. तेथे पीक नव्हते. पाणी गवतातून पसरत होते, डबके होऊन साचत होते आणि उन्हात जिरत होते. पाटाच्या तोंडाशी एक म्हातारी बाई उभा दगड ओल्या फडक्याने पुसत होती.

"आजी, हे शेत कोणाचे?"

"कोणाचं नाही आता. पूर्वी माझ्या रायबाचं." बाईने फडके पिळले. तिचे नाव तान्हूबाई होते, हे तिने नंतर सांगितले. "तापानं गेला. पाच पावसाळे झाले."

"मग हा पाट?"

"त्याचाच."

"माणूस गेला की दगड आडवा ठेवतात ना?"

"ठेवायचे." तान्हूबाईने दगडावरील नावावरून बोट फिरवले. "पाणी वाहतं तोवर तो कुठंतरी गावाला गेल्यासारखा वाटतो. तुला मूल आहे का, पोरी?"

"नाही."

"मग तुला काय सांगायचं? आणि मी एकटीच आहे का? तो तिकडचा पाट बघ, लोहाराच्या बायकोचा. ती जाऊन किती वर्षं झाली. तो पलीकडचा जुळ्यांचा. कोण बुजवतंय?"

"कोणी सांगायला आले नाही काय?"

"कोण येणार सांगायला? राणीसाहेब गेल्या, राजानं त्यांचा पाट बुजवला का? राजाची माया ती माया, आणि आमची काय हट्ट?"

शाल्मली उठली आणि पाटांच्या तोंडाशी असलेले दगड वाचीत नदीच्या काठाने चालू लागली. मी मागून गेले. हा जिवंत, ही गेलेली, हा गेलेला, हा गेलेला, ही जिवंत, ही गेलेली. टिटवी तिच्या पुढे पुढे उडत होती आणि नावे मोठ्याने सांगत होती, आणि मग तीही सांगेनाशी झाली. राज्यातील जितकी माणसे जिवंत होती, त्यांच्याहून अधिक पाणी गेलेली माणसे पीत होती. ती पाणी पडीक शेतांत नेत होती, ओसाड अंगणांत नेत होती, ज्या घरांत कोणी उरले नव्हते त्या घरांच्या दारांत नेत होती. कोणीही हावरटपणा केला नव्हता. प्रत्येकाचा फक्त एक दगड उचलायचा राहिला होता.

राजवाड्यामागच्या बागेजवळ ती थांबली. तेथे संगमरवरी दगड होता आणि त्याच्याखालून झुळझुळ पाणी येत होते. शाल्मली लहान असताना त्याच आवाजाने झोपी जात असे. राणी सुगंधिनीची बाग कधीच वाळून गेली होती. माळी दुसरीकडे गेले होते. पाणी मात्र येत होते, आणि वाळक्या वाफ्यांतून फिरून नाहीसे होत होते.

तिने तुंबा उचलला. तिचा आवाज स्पष्ट होता. एकही अक्षर अडखळले नाही. "माझ्या आईचे पाणी आम्ही थांबवले नाही. म्हणून कोणीच आपल्या माणसाचे थांबवले नाही."

तुंबा काठोकाठ भरला.

राजा दरबारात उभा होता. शिळा बरगड्यांना लागली होती. श्वास घेताना त्याच्या छातीत जात्यासारखा आवाज होत होता. शाल्मलीने तुंबा त्याच्यापुढे ठेवला आणि तिन्ही उत्तरे सांगितली. मी साक्ष दिली. दरबार शांत झाला, तेव्हा भिंतीपलीकडे पाटाचे पाणी ऐकू येत होते.

प्रधान म्हणाले, "महाराज, वीतभर पाटाने सरोवर आटत नाही. हे कोणतेही मूल सांगेल."

"एका पाटाने आटत नाही," शाल्मली म्हणाली. "महाराजांनी एक ठेवला, म्हणून प्रत्येकाने एकेक ठेवला. तात, दगड आडवा ठेवावा लागेल."

"तुझी आई गेली त्या दिवशी मी दगड उचलला होता," राजा म्हणाला. "हातांत धरून उभा राहिलो. पाणी बोलत होते, शाल्मली. बोलणाऱ्याच्या तोंडावर दगड कसा ठेवायचा?"

"आणि मी काय करू? आईचा पाट ऐकत तुमची मूर्ती पुसत बसू?"

राजाला तिच्याकडे वळता येत नव्हते. त्याने नुसती मान वळवली आणि त्याचे डोळे माझ्यावर थांबले.

"बाई, तुमचे यजमान गेले, तेव्हा त्यांचा पाट तुम्ही लगेच बुजवला. लोक तुम्हांला दगडाच्या काळजाची म्हणाले. मीही म्हणालो."

"मला ठाऊक आहे, महाराज."

"कसा बुजवलात?"

"दोन्ही हातांनी," मी म्हणाले. "दगड जड होता. पाणी थांबले, तेव्हा मला फार वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी गेले, तर पाट कोरडा होता. पण जागच्या जागी होता. मी त्याच्या काठावर बसले. अजूनही बसते. त्यांच्याशी बोलायला मला पाणी लागत नाही."

राजा म्हणाला, "मला तेथे न्या."

भोयांनी त्याला दोरांनी बांधले आणि मूर्ती नेतात तसा उभाच गाड्यावरून बागेत नेला. वाटेत लोक जमले. पाटाच्या तोंडाशी गाडा तिरका करून त्यांनी त्याला पाण्याकडे वाकवले. हात अजून त्याचे होते. शाल्मलीने संगमरवरी दगडाची एक बाजू धरायला हात पुढे केला. राजाने मान हलवली. त्याने दगड एकट्याने उचलला आणि आडवा ठेवला. पाणी प्रथम दगडावरून आले, मग बाजूने आले, मग आले नाही.

"कोणीतरी बोला," राजा म्हणाला.

मग तोच बोलला. काय बोलला ते मी ऐकले. परंतु ते राणीसाठी होते, आणि माझी साक्ष तेथवर पोहोचत नाही.

गर्दीच्या कडेला तान्हूबाई होती. ती वळली आणि नदीकडे चालू लागली. रायबाचा दगड तिला एकटीला उचलणार नव्हता. शाल्मली तिच्यामागे गेली आणि दुसरी बाजू तिने धरली. त्यांचे पाहून लोहार गेला. मग जुळ्यांचे आईबाप गेले. त्या संध्याकाळी नदीच्या दोन्ही काठांवर माणसे वाकलेली होती, आणि दगड बसल्याचा आवाज एकामागून एक येत होता. शिळा राजाच्या छातीपाशी थांबली.

पाऊस आला. शुभ्रा बऱ्याच वर्षांनी भरून सरोवरात उतरली. घाटाची एकेक पायरी बुडू लागली आणि राजाच्या अंगातून शिळा उतरू लागली. आधी कमरेपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत. पाणी फार लवकर चढू नये, अशी टिटवीची सूचना होती. सरोवराने ती मानली की काय, ते ठाऊक नाही. परंतु पाणी तिच्या घरट्यापाशी आले, तोवर तिची पिले चालायला लागली होती, आणि त्यांना फार चालावे लागले नाही.

पाऊस सरला. शिळा घोट्यांपाशी अडली. वरच्या तीन पायऱ्या कोरड्याच राहिल्या.

तेव्हा राजा आणि सारे लोक घाटावर जमले असताना धूम्रकेश तेथे आला. तो नावेने आला. नावेने यावे लागले, याचा त्याला आनंद झालेला दिसत होता.

"घोट्यांएवढे पाणी डोंगराने नेले आहे," तो म्हणाला.

"मग डोंगर फोडून ते परत आणू," प्रधान म्हणाले.

"पलीकडे एक बाई ते पाणी डोक्यावरून नेते," शाल्मली म्हणाली. "मी पाहिले आहे. ते मागायला मी जाणार नाही."

"आणि महाराजांची पावले?"

"शब्द जुन्या पायरीचा आहे," धूम्रकेश म्हणाला. "पायरी डोंगरानेच बदलली. तुम्ही नव्या पायरीचा शब्द दिलात, तर जुना सुटेल. मात्र शब्द कोणाच्या तरी अंगावर असतो. या खेपेला कोणाच्या?"

सर्वांनी राजाकडे पाहिले, मग शाल्मलीकडे. ती एक पाऊल पुढे आली. तिला पुढे येताना पाहून राजाचा चेहरा पावलांच्या शिळेहून काळा पडला.

"थांब, पोरी," तान्हूबाई गर्दीतून म्हणाली. "एकटीच्या अंगावर कशाला? पाणी एकटी पितेस का? ज्याचा पाट, त्याचे पाय."

प्रथम कुजबूज झाली. मग मळेवाल्यांचा प्रमुख म्हणाला, "मी माझ्या पायांचं आधीच बोलून बसलो आहे." लोक हसले, आणि हसल्यावर त्यांना नाही म्हणता येईना.

घाटावर त्या दिवशी जे ठरले ते असे. सरोवराची खूण चौथ्या पायरीवर करावी, आणि डोंगर वळेल किंवा पाऊस आपली चाल बदलेल तेव्हा ती पुन्हा तपासावी. गेलेल्या माणसाचा दगड त्याच्या माणसांनी आपल्या हातांनी आडवा ठेवावा. एकट्याला उचलत नसल्यास शेजाऱ्याने दुसरी बाजू धरावी. कोरडा पाट नांगरू नये. ज्याला तेथे बसायचे असेल त्याने बसावे. प्रत्येक आडव्या दगडामागे सरोवराच्या काठी एक करंज लावावा, आणि पहिला राणी सुगंधिनीच्या नावाने, बरोबर सज्जासमोर. आणि यापुढे सरोवर कमी झाले, तर ज्यांचे पाट वाहतात त्या सर्वांची पावले सारखीच जड व्हावीत. राजाची अधिक नाहीत, कमीही नाहीत.

धूम्रकेशाने मान्य केले. राजाने मान्य केले, आणि मान्य करताच तो घाटावरून स्वतःच्या पायांनी पायऱ्या उतरला व पाण्यात उभा राहिला. शाल्मलीने, तान्हूबाईने, लोहाराने, कोळ्यांनी आणि परटांनी हात वर केले. साक्षीदार म्हणून मी प्रत्येक हात पाहिला आणि माझाही वर केला.

प्रधान बुधसेन म्हणाले, "करंज वाढला की सज्जातून सरोवर दिसणार नाही."

"पाने वाजतील," राजा म्हणाला. "ती मी ऐकेन."

प्रधानांनी सर्वांच्या शेवटी होकार दिला. आधी त्यांनी आपल्या पायांकडे पाहिले, मग हात वर केला.